पावती तपासायला आलेले साहेब

आमच्या भागातल्या सुपरमार्केटात परवा पावतीचा कागद तपासायला एक साहेब आले. त्या गुळगुळीत कागदावरचं रसायन अंगात भिनतं म्हणे, म्हणून नमुना हवा होता. साहेबांनी आधी निळे हातमोजे चढवले आणि मग काउंटरवरच्या सुनीताला म्हणाले, "ताई, एक पावती फाडून द्या." दिवसभर पावत्या फाडणाऱ्या त्याच उघड्या बोटांनी तिने ती दिली. साहेबांनी ती चिमट्याने पिशवीत टाकली, हातमोजे काढून तिच्या पायाशी असलेल्या डब्यात फेकले आणि गेले.

आपल्याकडे जिवाची काळजीसुद्धा हुद्दा बघून घेतली जाते. त्या माणसाला विष दिसलं, पण ज्या हाताने ते दिलं तो हात दिसला नाही. असल्या विद्वत्तेची मला किळस येते.

आज काउंटरवर एक पाटी उभी होती. 'पावती हाताळल्यावर ग्राहकांनी हात धुवावेत.'

"आणि तुम्ही?" मी सुनीताला विचारलं.

"मी कुठे ग्राहक आहे?" असं म्हणून तिने माझी पावती फाडली.

निघताना मी वळून पाहिलं. पाटीची तिच्याकडची बाजू कोरी होती.