बरकतचाचांची लाल चिठ्ठीची रिंग

निघोज्याच्या त्या कारखान्यात बरकत मुलाणींच्या स्टोअरला सगळे अजबखाना म्हणायचे. तिथं ठेवलेली वस्तू दहा-दहा वर्षं हलायची नाही. पाणबुड्यांचे सुटे भाग ते, कोण कधी मागेल याचा नेम नाही. पण चाचांनी ते नुसते ठेवले नव्हते, लेकरांसारखे सांभाळले होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक पंपाचा दांडा ते हातानं पाव फेरा फिरवत, म्हणजे एकाच जागी भार पडून तो जाम होत नाही. पाणी अडवणारी रबरी रिंग खिळ्याला टांगलेली दिसली, की त्यांचं डोकं फिरे. “लोंबून लांबती की! आडवी निजवा तिला.”

नव्या मॅनेजर वर्षाली मॅडमनी फर्मान काढलं, तीन वर्षं न हललेलं सगळं भंगारात. चाचा अडून बसले. “समदं न्या. पर झडपेची ही रिंग आन् तिचा साचा न्हाई.”

“तुमच्या निवृत्तीपर्यंत ठेवते, चाचा. एकतीस मार्चला दोन्ही जाणार.”

नऊ दिवस उरले आणि मुंबईच्या गोदीतून फोन आला. तीच रिंग हवी होती, पाणबुडी तिच्यावाचून अडली होती. मॅडम धावतच आल्या. “चाचा, जिंकलात!”

चाचांनी पुडकं पुढं केलं. वर लाल चिठ्ठी होती. रबराची मुदत जानेवारीतच संपली होती. कुणी चुकून वापरू नये म्हणून नियमानं तेव्हाच रिंग कापायची, पण बारा वर्षं जपलेल्या वस्तूवर त्यांचा हात धजावला नव्हता. जिंकलेला डाव स्वतःच मोडायचा, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण!

“दोनच महिने उलटलेत,” मॅडम रिंग दाबून म्हणाल्या. “नव्यासारखी तर आहे.”

“हाय खरी. पर मॅडम, पाण्याखालच्या मानसाला दार उघडून भाईर पळता येत न्हाई. साचा हाय ना? चार दिवस मागून घ्या.”

चौथ्या दिवशी जुन्या साच्यातून नवी रिंग निघाली, दाबाच्या चाचणीत टिकली आणि मुंबईला गेली. मग चाचांनी मॅडमसमोर कात्री घेतली आणि जुनी रिंग कापली. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत. मॅडमनी भंगाराच्या यादीतून साचा खोडला.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी चाचा घरी होते. स्टोअरमध्ये वर्षाली मॅडम बाह्या सारून उरलेल्या पंपांचा एकेक दांडा पाव फेरा फिरवत होत्या.