सतरंजीचा पडदा

निजामाच्या राज्यात लहानाचा मोठा झालो, पण मुसलमानाच्या दारात कसं उभं राहावं, हे मला बायकोच्या पहिल्या बाळंतपणापर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

दोन दिवस ती अडली होती. गावच्या सुइणीनं हात टेकले. म्हणाली, जाफराबादच्या हकिमाच्या आईला आणा, नाहीतर काही खरं नाही. मी छकडा जुंपला आणि भर दुपारी तिथं पोचलो. आमच्या गावात हाक मारत थेट चुलीपर्यंत जायची रीत. तसाच पडदा सारून आत घुसलो. बायकांची एकच पळापळ झाली. हकीम बैठकीतून धावत आला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

"घर हाय का बाजार?"

माझं डोकं तसं लवकर फिरतं. पण घरी ती तडफडत होती, म्हणून मान खाली घातली. तेवढ्यात पडद्याआडून म्हातारा आवाज आला, "छोड दे उसको. बेटा, भाईर ओट्यावर जा. पाठ फिरव. मंग सांग काय झालं ते."

रस्त्याकडं तोंड करून मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या लगेच निघाल्या. ज्यांचा पडदा मी मोडला होता, त्याच.

अटी दोनच. छकड्याला चारी बाजूंनी चादरी बांधायच्या, आणि आमच्या घरात पुरुषमाणूस नको. वाटभर मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. घरी दाराला सतरंजी टांगली, भावांना शेतावर पिटाळलं. तहसीलदार आला तरी बाजेवरून न उठणारा माझा बाप चिलीम घेऊन मुकाट्यानं बाहेर पडला.

दिवस मावळायच्या आत सतरंजीच्या कडेनं मेंदी लावलेले दोन सुरकुतलेले हात बाहेर आले. त्यांत माझी लेक होती.

"दोनी हातानं घे, बेटा. तिची माय बी बराबर हाय."

त्या माउलीचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. आजही मी कुणाच्या दारात खाकरल्याशिवाय पाऊल टाकत नाही. लेकी हसतात मला.

त्यांचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. आमच्या घरात तो पाहिला फक्त बायकोनं. एकदा न राहवून तिला विचारलं, "कशा दिसायच्या गं त्या?"

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "त्यान्ला पडदा हाय. न्हाई सांगायची मी."