कावळ्याला दिलेला शब्द

सिंधूच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा विष्णुपुरीला नदीकाठी जमलेल्या पाव्हण्यांनी दयानंदकडं पाहिलं. बायकोचा जीव कशात अडकलाय हे नवऱ्याला ठाऊक असायला पाहिजे की नको? दयानंद लातूरच्या दाळमिलमध्ये चाळणीवर कामाला. आयुष्यभर खडे वेचले, पण बायकोला काय हवं होतं हे काही त्याला सांगता येईना.

पाव्हण्यांनी मग आपापल्या परीनं बोली लावली. "पोरीचं बाळंतपण आम्ही करू." कावळा ढिम्म. "तुझी म्हैस विकणार न्हाई." कावळ्यानं पाठ फिरवली. शेवटी दयानंदची थोरली बहीण तुळजाबाई पदर खोचून पुढं झाली. हिच्या तोंडाला अख्खी गल्ली वचकून. "सिंधे, माझा भाऊ तुला सहस्रकुंडचा धबधबा दाखवंल!"

झालं. कावळा उतरला, पिंडाला चोच मारून गेला. लोक जेवायला पळाले.

दयानंद रडला नव्हता. चिता जळताना नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. गल्लीत त्याचीही चर्चा झालीच. मे महिन्यात मिल दुरुस्तीसाठी बंद झाली, तसा तो लातूरहून एसटीनं विष्णुपुरीला बहिणीकडं आला आणि म्हणाला, "चल, धबधब्याला."

"वैशाखात? येडा का काय?"

"मिल आताच बंद हाय."

शेजारच्या जिलानीची गाडी ठरली. दयानंदनं पिशवीत सिंधूची चप्पल घेतली होती. जिलानीनं आरशातून पाहिलं. "मामा, हे कशाला?"

"कातळ तापलेला असंल."

जिलानीनं आरसा सरळ केला आणि गाडी काढली.

गाडी वर ठेवून तिघं नदीच्या पात्रातून चालत निघाले. काळा कातळ तव्यासारखा. तुळजाबाई दर दहा पावलांवर सूर्याला शिव्या देत होती. दयानंदला ऊन लागत नव्हतं, तहान नव्हती. पाय चालत होते, एवढंच. धबधब्याच्या जागी पोचले, तर नुसता उंच कडा. खाली डबक्यात हिरवं पाणी, त्यात एक म्हैस.

"ह्यो धबधबा?" जिलानी म्हणाला. "आमच्या गल्लीचा नळ ह्याच्यापेक्षा जोरात येतो की."

दयानंदनं पिशवीतून सिंधूची चप्पल काढून कड्याकडं तोंड करून मांडली. शेजारी बसला. बराच वेळ कड्याकडं बघत राहिला. काहीच झालं नाही.

"आक्का, तिनं तुला कवा म्हणलं होतं, धबधबा बघायचाय म्हणून?"

तुळजाबाईनं धपाट्यांचा डबा उघडला, पुन्हा लावला.

"म्हणली न्हाई रे. ऊन लई होतं. लोकं उपाशी. तोंडाला आलं ते बोलले."

जिलानी म्हशीकडं बघू लागला.

दयानंदनं धपाटा घेतला, चावला. मीठ आहे की नाही, कळलं नाही. खाऊन झाल्यावर त्यानं चप्पल झटकली आणि पिशवीत ठेवली.

"जिलानी, श्रावणात गाडी मोकळी ठेव. पाणी असताना येऊ."

"अरे पर मी खोटं बोलले ना!" तुळजाबाई ओरडली.

"तू खोटं बोललीस," दयानंद उठत म्हणाला. "कावळा तर खरा शिवला."

मग तिघं परत निघाले. चढावर तुळजाबाईच्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं एकदा पिशवीकडं पाहिलं, आणि अनवाणी चालू लागली.