सहाजणी आणि एक वाघर

१८ जानेवारी १९९८, रविवार. काम: तीन जर्सींवरचे आकडे उसवणे.

माझ्या जुन्या वहीत त्या तारखेखाली एवढंच लिहिलेलं आहे. मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. गाव कासुर्डी, पण राहायला मावशीकडे. मावशी शिलाईकाम करायची, त्यामुळे संघाच्या कपड्यांचं जे काही निघेल ते माझ्या गळ्यात पडायचं. त्यातून मी कॅप्टन.

आकड्यांची चूक सरांची होती. सर मूळचे कबड्डीवाले. मुलींचा बास्केटबॉलचा संघ काढा असं प्राचार्यांनी सांगितल्यावर त्यांनी सहा मुली गोळा केल्या आणि कबड्डीच्या सवयीनं जर्सींवर एक ते सहा आकडे शिवून घेतले. साखळीतल्या सामन्यांत कोणी हटकलं नाही. शनिवारी आमच्याच मैदानावर सेमीफायनल होती, तिला पुण्याहून पंच आले आणि त्यांनी आम्हाला रेषेबाहेरच उभं केलं.

"एक, दोन, तीन चालणार नाहीत. चारपासून पुढचे नंबर घाला."

"कबड्डीत चालतात की," सर म्हणाले.

"मी दोन बोटं वर केली तर समजायचं काय? दोन गुण झाले, का दोन नंबरच्या मुलीनं फाऊल केला?"

दवाखान्यातनं पांढरी चिकटपट्टी आणून आम्ही एकाचे सात केले, दोनाचे आठ, तिनाचे नऊ. तशाच खेळलो आणि तीन गुणांनी जिंकलो. फायनल मंगळवारी दौंडला होती, पुण्याच्या एका संघाशी. सबंध मोसमात आम्ही एकच सामना हरलो होतो, तो त्यांच्याशीच.

तर रविवारी दोन जर्सी उसवून झाल्या आणि तिसरीची मी वाट बघत होते. ती कवठे येमाईच्या मुलीची. आमच्यात सगळ्यांत उंच तीच. दुपारी न्हावऱ्याची मुलगी जर्सी घेऊन आली. धुतलेली, ओलसरच घडी घातलेली, पिशवीत.

"धुवायला कोणी सांगितलं होतं? आता ओले टाके उसवू का मी?"

"तिनं परत दिलीया," न्हावऱ्याची म्हणाली. "तिचे आप्पा न्हाई म्हणत्यात. परवा ती येणार न्हाई."

"का?"

"का म्हंजी? तू व्हतीस की तिथं. कान न्हाईत का तुला?"

कान होते. सेमीफायनलला तिच्या हातात चेंडू आला की आमच्याच कॉलेजची मुलं भिंतीवर बसून मेंढरासारखी ओरडायची. ब्याँ. पहिल्यांदा दोघं-तिघं, मग सबंध भिंत. तिचे आप्पा त्या दिवशी शिरूरच्या बाजाराला आले होते आणि लेकीचा खेळ बघायला म्हणून फाटकापाशी उभे राहिले होते. त्यांनी खेळ बघितला तो असा.

आता मुळाशी जायचं तर मुलांचा दोष अर्धाच. आम्ही एकमेकींना गावाच्या नावानं हाक मारायचो. मी कासुर्डी, ती न्हावरा, तशा बाकीच्या. कवठ्याची नवीन आली तेव्हा मान खाली घालून पळायची. एकदा मी चिडून ओरडले, "अगं, मेंढरासारखी खाली बघून काय पळतेस?" सगळ्या हसल्या. तीही हसली. तिचं घर मेंढपाळांचं, हे मला माहीत होतं. तिच्या आज्या-पणज्यापासून सगळे मेंढरं घेऊन हिंडलेले, आप्पांनी अलीकडे ती विकून कांदा धरलेला. त्या दिवसापासून मी तिला मेंढरू म्हणायला लागले. पाचजणींना गावाचं नाव आणि तिला एकटीला जनावराचं. सहा महिने त्यात मला काही खटकलं नाही. भिंतीवरच्या मुलांनी ते माझ्या तोंडून उचललं होतं.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "जाऊ दे. पाचजणी पुरतात. पोरं आहेत, मजा करतात."

पाचजणी पुरत नाहीत. पाच फाऊल झाले की मुलगी बाहेर जाते आणि मग चौघी उरतात. पण सरांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. सोमवारी सराव बुडवून मी कवठ्याची एसटी धरली.

आप्पा कांद्याला पाणी देत होते. मी बांधावर उभी राहिले.

"कोण गं तू?"

"संघातली. कासुर्डीची."

"मंग तूच ती कॅप्टीन."

"हो. आप्पा, तिला मेंढरू पहिल्यांदा मी म्हणाले. पोरांनी माझ्याकडून घेतलं."

त्यांनी वाफा भरू दिला. भरल्यावर खोऱ्यानं माती ओढून त्याचं दार बंद केलं, पुढचं उघडलं.

"मंग आता काय, माफी मागाय आलीस?"

"माफी मागायला आणि तिला न्यायला."

"दोन कामं एकाच एस्टीत उरकतीस व्हय!" ते म्हणाले. "हे बघ. मेंढरू म्हणलीस त्याचा राग न्हाई. माझी निम्मी हयात त्यांच्या मागं गेली. पार कोकणापत्तोर हिंडलोय. राग ह्याचा हाय, की तुम्ही म्हणता तवा ती शिवी असती."

मी म्हटलं, "खरं आहे."

तेवढ्यात ती शेळीला चारा टाकून आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "सराव सोडून आलीस? सर जोड्यानं मारतील."

"उद्याचं सांग. त्यांची ती बुटकी मुलगी, चार नंबरची, चेंडू घेऊन सुटते. मागच्या वेळी आम्ही मागं लागून लागून मेलो, सापडली नाही."

बाप-लेक एकमेकांकडे बघून हसले.

"मागं पळून मेंढरू घावतंय व्हय?" आप्पा म्हणाले. "मागं लागलं की ते फुटतं. त्याला एका अंगाला मोकळी जागा दावायची. त्याला वाटलं पायजे, आपण आपल्या मनानं चाललोय. आन् ती जागा संपती तिथं वाघर."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरांची जाळी, खुंट्यांना बांधून चौफेर उभी करतात ती. त्यांची वाघर आता कोंबड्यांच्या खुराड्यावर पडली होती. त्यांनी ती मला हातात धरून दाखवली. मला वाटलं होतं भक्कम असेल. ती हलकी होती, कुठे कुठे तुटलेली.

"मेंढराला ती तोडता येत न्हाई असं न्हाई," ते म्हणाले. "त्याला ते माहीत न्हाई, एवढंच."

"मी सांगितलं व्हतं हिला," ती आप्पांना म्हणाली. "दिवाळीच्या आधी. म्हणलं, त्या चार नंबरला कडेच्या रेघेनं येऊ द्यावं, मधली रेघ ओलांडली की दोघींनी दाबावं. परत मागं जायाला नियमानं बंदी, कडंला रेघ, पुढं आपण. तर ही म्हणली, इथं मेंढरं राखायची न्हाईत, बास्केटबॉल खेळायचाय."

म्हणाले होते. शब्दन् शब्द.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "जाऊ दे तिला. पर एक हाय. ती सांगंल तवा पळायचं, ती सांगंल तवा थांबायचं. कॅप्टीन असशील तू, हाक तिची."

"चालेल," मी म्हणाले. चालेल म्हणणं सोपं होतं.

रात्री मावशीनं मशीनवर बसून दोनाच्या जागी आठ शिवला आणि मंगळवारी सकाळी चौफुल्यावरून आम्ही सहाजणी आणि सर दौंडला पोचलो. मैदानाच्या कडेला ओढण्या अंथरून आम्ही रेघा मानल्या आणि अर्धा तास वाघर लावायचा सराव केला. सर बघत होते.

"हे काय चाललंय?"

"वाघर," कवठ्याची म्हणाली.

"असलं काही करायचं नाही. त्या बाराजणी आहेत, तुम्ही सहा. एवढं धावून मराल. आपापल्या बास्केटखाली उभं राहायचं."

पहिला अर्धा भाग आम्ही त्यांचं ऐकलं. आपापल्या बास्केटखाली उभ्या राहिलो आणि चार नंबरची आमच्यामधून शाळेत निघाल्यासारखी जात राहिली. मध्यंतराला आम्ही अकरा गुणांनी मागे होतो. आमच्या कॉलेजची दोन मुलं मोटरसायकलवरून आली होती, आम्हाला जोर द्यायला म्हणे. त्यांनी ब्याँ सुरू केलं. दौंडच्या पोरांना ते फारच आवडलं. मग पुण्याच्या राखीव मुलीसुद्धा बाकावर बसून ओरडायला लागल्या.

पाणी पिताना मी सरांना सांगितलं, "आता आम्ही वाघर लावणार."

"मी नाही म्हटलंय. तुला कॅप्टन मी केलंय."

"म्हणून तर सांगते. नाहीतर न सांगता लावली असती."

सरांनी शिट्टी खिशात घातली आणि तोंड फिरवून उभे राहिले. सबंध मोसमात मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. बरं वाटलं.

कवठ्याची बूट बांधत होती. कडेच्या गर्दीतून आवाज येतच होता. "म्हणू दे," ती म्हणाली. "मेंढरं कुठली ते आता कळंल त्यास्नी."

पहिलीच वाघर मी मोडली. चार नंबरची कडेनं यायला लागली आणि सवयीनं मी तिच्या अंगावर धावले. ती मला चुकवून आतून गेली. दोन गुण.

"ए कासुर्डे!" कवठ्याची सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली. "थांब म्हणलं की थांबायचं! जागा ठेव तिला!"

पुण्याच्या मुली हसल्या. कॅप्टनला चारचौघांत झापलं जात होतं. मी थांबले.

पुढच्या वेळी मी मधली बाजू अडवून नुसती सरकत राहिले, धावले नाही. चार नंबरचीला कड मोकळी दिसली. ती मजेत आली, मधली रेघ ओलांडली. कवठ्याचीनं जीभ टाळ्याला लावून ट्र्र्र असा आवाज काढला, मेंढरं वळवताना काढतात तसा, आणि आम्ही दोघी एकदम हात वर करून तिच्यापुढे उभ्या राहिलो. हात लावायचा नाही, नुसतं उभं राहायचं. ती मागे वळली तर मधली रेघ. बाजूला वळली तर कड. तिनं घाबरून चेंडू डोक्यावरून फेकला तो थेट न्हावऱ्याचीच्या हातात. बास्केट.

असं तीनदा झालं, मग चौथ्यांदा. त्यांच्या बाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या. त्यांनी दुसऱ्या मुलीला चेंडू आणायला लावलं. तीही कडेनंच आली, कारण मोकळं तिथंच दिसत होतं. ट्र्र्र ऐकू आलं की माझे पाय आपोआप निघायला लागले. छाती भात्यासारखी चालली होती. न्हावऱ्याचीचे पाच फाऊल झाले आणि ती बाहेर गेली, जाताना पंचांना म्हणाली, "मोजायला बरं जमतंय तुम्हाला." आम्ही पाच उरलो, आणि दम घ्यायला बसायची सोय संपली.

शेवटच्या मिनिटात आम्ही एका गुणानं पुढे होतो. चेंडू त्यांचा. चार नंबरची पुन्हा आली, पण आता शहाणी झाली होती. मधल्या रेघेच्या अलीकडेच थांबली. कडेला बघेना. मला वाटलं, झालं, आता ही मधून घुसणार, आणि पाय शिवशिवायला लागले. आवाज आला नाही. मी कवठ्याचीकडे बघितलं. ती दोन पावलं मागे सरली, जणू दमून सोडून दिलं, आणि वाकून गुडघ्यांवर हात ठेवले. चार नंबरचीनं ते बघितलं. पंच सेकंद मोजत होते, दहाच्या आत तिला रेघ ओलांडणं भाग होतं, आणि एका दमलेल्या मुलीशेजारची जागा मोकळी होती. ती तिथून आली.

ट्र्र्र.

तिचा पाय कडेच्या रेघेवर पडला. शिट्टी वाजली. चेंडू आमचा. उरलेले सेकंद आम्ही तो एकमेकींकडे टाकत काढले, आणि संपलं.

"दमली नव्हतीस?" मी तिला विचारलं.

"दमले व्हते की," ती म्हणाली. "खोटं कशाला वाकीन?"

सर धावत आले आणि आयोजकांना सांगायला लागले की मध्यंतरात आम्ही योजना बदलली. बदलली होती खरी. आम्ही मध्ये पडलो नाही. एसटीत कंडक्टरनं चषकाला जागा दिली नाही, म्हणून तो शिरूरपर्यंत आळीपाळीनं मांडीवर आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजात गेले, तर फाटकातल्या फळ्यावर रंगीत खडूनं अभिनंदन लिहिलेलं. खाली आमची सहा नावं. कवठ्याचीच्या नावापुढे कंसात 'मेंढरू', आणि शेजारी एक मेंढरू काढलेलं, गळ्यात पदक घातलेलं. काढणारा मुलगा खडू हातात घेऊन शाबासकीची वाट बघत उभा होता. भिंतीवरच्यातलाच एक.

मी ओढणीच्या टोकानं मेंढरू पुसलं, मग कंसातला शब्द पुसला.

"अगं, प्रेमानं लिहिलंय!" तो म्हणाला.

"मीही प्रेमानंच म्हणायचे," मी म्हणाले, त्याच्या हातातला खडू काढून घेतला आणि साडेसातच्या तासाला गेले.