वैशूचा रिपोर्ट

शिरपूरहून फोन आला तेव्हा मी धुळ्यात आमच्या लॅबमध्ये एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत होतो. "वैशू गेली..." एवढंच ऐकलं. पट्टा तसाच राहिला. म्हातारा ओरडला तेव्हा भानावर आलो.

वैशू माझी भाची, अक्काची लेक. रक्त द्यायला बसली की डोळे गच्च मिटायची आणि सुई निघाली तरी विचारायची, "झालं का मामा?" तिच्या धाकट्या भावाला मधुमेह, लहानपणापासून इन्सुलिन चालू, म्हणून डॉक्टरांनी बहिणीचीही अँटीबॉडीची तपासणी सुचवली. मीच रक्त काढलं, मीच बर्फात घालून मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला: साखर नॉर्मल, पण दोन अँटीबॉडी पॉझिटिव्ह. म्हणजे शरीर आपल्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठलेलं... आजार आज ना उद्या येणार, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. आणि त्याच आठवड्यात वैशूची सुपारी फुटलेली! माझ्यातला लॅबवाला गप्प बसला, मामा शहाणा झाला. लग्न मोडेल, नंतर सांगू.

"रिपोर्टमा काय उनं मामा?"

"बठ्ठं बरं शे, पोरी."

सगळं बरं आहे, असं सांगून मी मोकळा झालो. हळद लागली, पोर सासरी शिरपूरला गेली. सांगणं मी रोज उद्यावर ढकललं. वर्षाच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांना वाटलं, गोड बातमी. अक्काने फोनवर हसत मलाही सांगितलं, आणि मी, हा रिपोर्ट वाचलेला माणूस, म्हणालो, "पेढे कधी?" सासू मायाळू, पोरीला सारखी तहान लागते म्हणून उसाचा रस पाजत राहिली. दवाखान्यात नेलं तेव्हा वैशू शुद्धीवर नव्हती. तो कागद त्यांच्याकडे असता तर पहिल्याच दिवशी कुणीही साखर तपासली असती.

मागच्या आठवड्यात जळगावला अक्काकडे गेलो. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "रस पाजा, आसं मीच सांगेल व्हतं विहीणले. मीच मारी टाकी मन्ही पोर."

मग मात्र राहवलं नाही. रिपोर्टचं पाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं, सगळं सांगितलं. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती कागदावरच्या नावावरून बोट फिरवत राहिली, मग पाकीट परत दिलं.

"तुन्हा जवळच राहू दे, भाऊ. मन्हा जवळ तिन्हा फोटो शे."

पाकीट आता लॅबच्या खणात आहे, सुयांच्या खाली. प्रत्येक वेळी रक्त काढायचं तर तो खण उघडावाच लागतो. झालं का मामा... नाही गं पोरी, नाही झालं.