बिनशिक्क्याचे नऊ कागद

एनिड कॉकरिलच्या हातून चूक झाली असं कुणी सांगितलं असतं, तर ॲल्डरवेलच्या लोकांनी सांगणाऱ्यालाच घरी जाऊन पडायला लावलं असतं. बावीस वर्षं बाई गावच्या मतदान केंद्राची अध्यक्ष. निवडणूक कौन्सिलची असो की पार्लमेंटची, सकाळी सातला ती सायकलवरून गावच्या हॉलवर हजर. सोबत बसायला स्वतःची उशी, थर्मासभर चहा, अंड्याची सँडविचेस आणि पेन्सिली तासायला नवऱ्याचा जुना चाकू. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, चाकू मात्र अजून धार धरून होता. एरवी ती बियाण्यांच्या दुकानात पाकिटं भरायची. पण मतदानाच्या दिवशी भले भले शेतकरी टोपी काढून तिच्यापुढे उभे राहत, आणि ज्यांच्या बारशाला ती केक खाऊन आली होती त्यांनासुद्धा ती गंभीर तोंडानं नाव-पत्ता विचारी.

लोक म्हणत, काय शिस्त आहे बाईला! शिस्त कसली डोंबलाची. ती भीती होती. लहानपणापासूनची. नऊ वर्षांची असताना तिच्या हातून शाळेच्या हजेरीपटावर दौत सांडली. पोरगी मूग गिळून बसली, आणि मार दुसऱ्याच मुलीला बसला. घरी आल्यावर आईनं, फ्लॉरेन्सनं, तिच्या बोटांवरची शाई पाहिली.  वाढलेलं ताट उचलून कपाटात ठेवलं आणि दाराकडे बोट दाखवलं. एनिड दोन मैल चालत मास्तरांच्या घरी गेली, कबूल झाली, परत येऊन जेवली. जेवण गार झालं होतं. पुढे साठीला टेकली तरी 'आपली चूक कुणी पाहिली' या नुसत्या विचारानं ती झालेलं काम पुन्हा पहिल्यापासून तपासायची. म्हणून ती चूकच करायची नाही. साधा हिशोब.

एक्याण्णवच्या मे महिन्यातली कौन्सिलची निवडणूक. चार गावं मिळून एक जागा, उमेदवार दोन. एक रॅल्फ मॉवर, आठशे एकरांचा मालक आणि कौन्सिलच्या घरांच्या समितीचा अध्यक्ष. दुसरी बेरिल टली, आमची पोस्टमास्तरीण. भांडणाचं मूळ पॉपलर क्लोज. म्हाताऱ्यांसाठी कौन्सिलनं बांधलेली नऊ बैठी घरं, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक बाई. प्रत्येक घरात, न्हाणीघरातसुद्धा, छतापासून जमिनीपर्यंत लाल दोरी. ओढली की ती बाई धावत येते. मॉवरच्या समितीला ही घरं बंद करून माणसं वीस मैलांवरच्या शहरात हलवायची होती. बेरिल म्हणत होती, मी निवडून आले तर हे होऊ देणार नाही. आणि कौन्सिलमध्ये त्या प्रश्नावर दोन्ही बाजू इतक्या सारख्या होत्या की खरंच एका मताचा प्रश्न होता.

आणि चार नंबरच्या घरात राहत होती फ्लॉरेन्स, वय शहाऐंशी. दोन हिवाळ्यांपूर्वी न्हाणीघरात पडली होती. ओल्या फरशीवर सरपटत जाऊन तिनं ती दोरी ओढली, म्हणून आज होती. एनिडला काय वाटत होतं ते विचारायलाच नको. पण केंद्राध्यक्षानं बाजू घ्यायची नसते. तिनं खिडकीत साधं पत्रकसुद्धा लावलं नाही.

आता त्या शिक्क्याचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. मतपत्रिका मतदाराच्या हातात देताना लोखंडी चापानं तिच्यावर बारीक भोकांची नक्षी उमटवायची. तो शिक्का. शिक्का नसेल तर कागद बाद, मग त्यावर देवानं मताची फुली मारलेली का असेना. चाप होता जड. गर्दी झाली की एनिड पाच-दहा कागदांवर आधीच शिक्के मारून ठेवायची. मागच्या खेपेला तपासनीस आला, त्यानं ते पाहिलं आणि हळूच म्हणाला, असं करायचं नसतं, मिसेस कॉकरिल. एवढंच. पण बाईला महिनाभर नीट झोप नव्हती. यंदा तिनं मनाशी ठरवलं होतं: शिक्का मारायचा तो कागद देतानाच.

साडेदहाला पॉपलर क्लोजची छोटी बस आली. नऊच्या नऊ म्हातारी मंडळी, रविवारच्या कपड्यांत. त्यांना फार वेळ उभं राहायला नको म्हणून एनिडनं नऊ कागद पुस्तकातून फाडून टेबलावर तयार ठेवले. फक्त फाडले; शिक्का देताना मारू. तेवढ्यात दारात पर्सी गॉन्टची चाकांची खुर्ची अडकली, आणि तिच्यामागे, काठीवर डोलत, तिची आई. एनिड उठून धावली. टेबलावर राहिला लेनर्ड फिच, यादीवर खुणा करणारा निवृत्त पोस्टमन. ती खुर्ची ओढेपर्यंत, आईला पायरी चढवेपर्यंत, लेनर्डनं एकेकाला कागद देऊन मोकळं केलं. मग दाराबाहेर बसच्या ड्रायव्हरशी परतीची वेळ ठरवून एनिड परत आली तेव्हा फ्लॉरेन्स घडी घातलेला कागद पेटीत टाकत होती.

दुपारी एकला, हॉल रिकामा असताना, लेनर्ड सँडविचचा कागद सोडत सहज म्हणाला, "बरं केलंत एनिडबाई, शिक्के आधीच मारून ठेवलेत ते. नाहीतर म्हातारी माणसं ताटकळली असती. तपासनीस गेला उडत."

एनिडचा घास तोंडातच राहिला. शिक्के तिनं मारले नव्हते. आणि लेनर्डनंही मारले नव्हते. नऊ कागद, बिनशिक्क्याचे, त्या काळ्या पत्र्याच्या पेटीत पडून होते, आणि पेटीला सील होतं.  तिनं लेनर्डकडे पाहून मान डोलावली. ती मान का डोलावली, हे तिला पुढे कितीदा आठवलं तरी सांगता आलं नाही.

हॉलच्या स्वयंपाकघरात फोन होता. वरच्या साहेबांना कळवायला हवं होतं, तसा नियमच होता. ती तीन वेळा आत गेली. पहिल्यांदा पाणी पिऊन आली. दुसऱ्यांदा फोन उचलला, आतली घरघर ऐकली आणि ठेवून दिला. तिसऱ्यांदा दाराशीच थांबली, कारण हॉलमध्ये कुणीतरी तिचं नाव घेत होतं आणि तिला वाटलं, कळलं! कळलं नव्हतं काही, मॉवरची बायको हवापाण्याचं बोलायला आली होती. त्यानंतर दिवसभर एनिड चाप इतक्या जोरात दाबत होती की मनगट सुजलं. रात्री नऊला तिनं सगळ्या फॉर्मांवर सह्या केल्या. किती कागद दिले, किती उरले, सगळं जुळलं. शिक्क्याबद्दल फॉर्ममध्ये कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं स्वतःला समजावलं, मॉवर काय की बेरिल काय, शे-दोनशे मतांनी येतील. नऊ कागद कोण बघतो. ही प्रार्थनाच होती म्हणा ना.

शुक्रवारी सकाळी शहरात कौन्सिलच्या क्रीडागृहात मोजणी. एनिडही मोजायला होती, पण नियमाप्रमाणे दुसऱ्या जागेच्या टेबलावर. बोटावर रबरी टोपी घालून ती परक्या गावांची मतं मोजत होती आणि कान शेजारच्या टेबलावर होते. तिथं चारी गावांच्या पेट्या उघडल्या आणि कागद एकमेकांत मिसळून टाकले. कुठल्या गावानं कुणाला मत दिलं हे कळू नये, म्हणून तशी रीतच आहे. आता ते नऊ कागद कुणाच्या पेटीतले, हे कुणालाही कधीच कळणार नव्हतं. एनिडला क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

बाराला निकाल. मॉवर सहाशे बारा. टली सहाशे पाच. बाद नऊ, कारण शिक्का नाही. अधिकाऱ्यानं ते नऊ कागद दोघा उमेदवारांपुढे धरले. नऊच्या नऊ फुल्या बेरिलच्या चौकटीत होत्या.

 मॉवरचा माणूस मोठ्यानं म्हणाला, शिक्का नाही म्हणजे हे कागद मतदाराच्या हातात गेलेच नसतील. कुणी मागल्या दारानं पेटीत सारले, कोण जाणे, आणि फायदा कुणाचा होता ते दिसतंच आहे. अधिकारी म्हणाला, निकाल लागला. तक्रार असेल तर एकवीस दिवसांत कोर्टात जा. तेव्हा बेरिल वळली. चारी गावांचे केंद्राध्यक्ष त्या हॉलमध्येच होते.

"मी तीस वर्षं या गावांची पत्रं वाटतेय," ती म्हणाली. "मला चोर म्हणून घ्यायचं नाही. हे कागद मी दिले, माणसांच्या हातात दिले, असं तुमच्यातल्या कुणी एकानं सांगितलं तर निवडणूक परत घ्या म्हणून मी कोर्टात जाईन. नाहीतर घरी जाईन."

बाकीचे तीन केंद्राध्यक्ष एकमेकांकडे बघत राहिले. एनिडनं बोटावरची रबरी टोपी काढली, परत घातली.  शेजारची बाई कुजबुजली, कुणाचा गं हा गाढवपणा? आणि एनिडनं, देवा रे, खांदे उडवले.

संध्याकाळी साडेचारला ती पॉपलर क्लोजला गेली. जायचं नव्हतं. पण दर शुक्रवारचा चहा आईकडे; नाही गेली तर आई विचारणार, आणि आईच्या विचारण्याचीही तिला भीती. फ्लॉरेन्सनं किटली ठेवली होती. टेबलावर वर्तमानपत्रं पसरून चिनी मातीचे कप एकेक गुंडाळायला सुरुवातही केली होती.

"शहरात नेताना फुटायला नकोत," ती म्हणाली. "सातांनी गेलं म्हणे. आम्ही नऊजण नटूनथटून गेलो, पण पुरलं नाही. चालायचंच." मग चाचपत खुर्चीत बसली. "एनिड, एक विचारायचं राहिलं. यंदा ती भोकं बंद केली का गं?"

"कुठली भोकं?"

"कागदावरची. मला आता नीट दिसत नाही ना. दरवेळी मी अंगठ्यानं भोकं चाचपते, म्हणजे सुलटं-उलटं कळतं. यंदा हाताला लागलीच नाहीत. पर्सीसुद्धा म्हणाला, कागद गुळगुळीत आहे, विचारू या का? मी म्हटलं, गप बस म्हाताऱ्या. माझी एनिड बसलीय तिथं. नवीन पद्धत असेल."

किटलीचं झाकण वाजायला लागलं. कुणी उठलं नाही. न्हाणीघराच्या उघड्या दारातून ती लाल दोरी दिसत होती, टोकाला गाठ मारलेली.

"नवीन पद्धत नाही, आई," एनिड म्हणाली.  "शिक्का मारायचा राहिला. नऊच्या नऊ कागदांवर. माझ्या हातून. मला कालच दुपारी कळलं होतं."

 हातातला कप फ्लॉरेन्सनं अर्धा गुंडाळला होता, तो परत उलगडला आणि टेबलावर ठेवला.

"बेरिलला सांगितलंस?"

"नाही."

"मला सांगून काय उपयोग?"

"आई, सगळ्या गावाला कळेल. कोर्टात उभं करतील. पेपरात नाव येईल."

"येईल," फ्लॉरेन्स म्हणाली. ती उठली, किटली उतरवली, चहा केला आणि गार होऊ नये म्हणून चहादाणीवर लोकरीची टोपी ओढली. कप मात्र दोन्ही उपडेच घातले.

"पोस्ट साडेपाचला बंद होतं," ती म्हणाली. "आलीस की पिऊ."

कोट दाराशीच होता. एनिडनं तो अंगात चढवला. तिनं कोट तसाच उघडा ठेवला आणि बाहेर पडली. सायकलवर बसण्याचं धाडस होईना, म्हणून ती हातात धरून चालत निघाली.