तांबीबरोबर आलेल्या विहीणबाई

आमच्या आत्या कुठल्याही प्रवासाची आधी रंगीत तालीम घेत. कऱ्हाडला लग्नाला जायचं असलं, की आदल्या दिवशी ते ठरवलेलं लुगडं नेसून, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्या फाटकापर्यंत चालत जात. पिशवी जड लागली की परत येऊन आतली चादर काढून ठेवत. शेजारीण विचारायची, "काय मावशी, निघालात?" तर म्हणत, "न्हाई वं, उद्या निगायचं हाय. आज बगतीया, जमतंय का." एकदा तर तालमीतच एवढ्या दमल्या, की खुर्चीत बसून म्हणाल्या, "उद्या तुमीच जावा. माजं जाऊन झालं."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. त्या मूळच्या कडेगावच्या. मामा गेल्यावर ऊस माझ्या थोरल्या दिरांच्या हवाली करून त्या आमच्याकडे सांगलीला राहायला आल्या. येताना एक ट्रंक, लोणच्याच्या दोन बरण्या आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींबद्दल ठाम मतं घेऊन आल्या. शहरातलं दूध पाणचट असतं. पंख्याखाली झोपलं की सांधे धरतात. आणि कुत्र्यानं दारात बसावं, घरात त्याचं काय काम. हे शेवटचं मत त्यांनी आल्या दिवशीच सुनावलं, कारण आमच्या सोफ्यावर कुत्री झोपली होती.

ही कुत्री माझ्या लेकीनं बारावीच्या सुट्टीत रस्त्यावरून उचलून आणली, तिचं नाव ऑलिव्ह ठेवलं आणि दोन महिन्यांनी ती शिकायला पुण्याला निघून गेली. बहुतेक घरांत कुत्री अशीच आईच्या वाट्याला येतात. आत्यांना ते नाव काही पसंत पडलं नाही. त्यांच्या गोठ्यात जनावराचं नाव रंगावरून ठेवायची रीत. कुत्री तांबूस, म्हणून तांबी. आठवड्याभरात ऑलिव्ह हे नाव फक्त लसीकरणाच्या कार्डावर उरलं. तिला हात मात्र त्या लावत नसत. "माज्या अंगाला शिवू नगं गं बाई," असं तिला बजावत आणि भाकऱ्या करताना एक जास्तीची थापत. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणत, "पीठ उरलं हुतं."

तांबी दोन वर्षांची झाली आणि तिला फिट्स यायला लागल्या. एकाएकी आडवी पडायची, पाय ताठ व्हायचे, तोंडाला फेस. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी लावून दिली. ती गोळी भाकरीच्या तुकड्यात दडवून, वर तूप लावून द्यायची, आणि ती घ्यायची फक्त माझ्या हातून. ह्यांच्या हातूनसुद्धा नाही. एकदा तिला आम्ही गावातल्या कुत्री सांभाळणाऱ्यांकडे ठेवून गेलो. माणसं चांगली होती, पण हिनं त्यांच्याकडे दाणा तोंडात घेतला नाही. परत आणली तेव्हा फासळ्या मोजता येत होत्या, आणि त्याच संध्याकाळी तिला एकामागून एक झटके आले. त्यानंतर मी मुक्कामाला कुठंही जायचं सोडून दिलं.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात माहेरी, वाईला, बाबांना अर्धांगवायू झाला. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाची उजवी बाजू गेली, वाचा अडखळायला लागली. आई थकलेली. दादाची नोकरी. सगळं वहिनीवर आलं. मी पहाटेची गाडी पकडून जायची, बाबांजवळ दोन-तीन तास बसायची आणि तांबीच्या संध्याकाळच्या गोळीसाठी परत फिरायची. बाबा माझ्याकडे बघायचे आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. येताना एसटीत मी तोंड खिडकीकडे करून बसायची.

अशीच एकदा परत आले. आत्यांनी माझ्यापुढं ताट ठेवलं आणि समोर बसल्या. म्हणाल्या, "पोरी, बापापशी जायाचं तर नीट म्हैनाभर जा. वहिनीलाबी तिच्या म्हायेराला जाऊ दे. असं तोंड दावून परत येण्यात काय हाय?"

"तांबीचं काय करू आत्या?"

"तिच्यापायी आडलंय ना? मग तिलाच घिऊन जायाचं. सुट्टी काय माणसांनीच करावी व्हय?"

होळीसुद्धा व्हायची होती. जायचं होतं मेमध्ये. पण आत्यांनी त्या रात्रीपासून कामाला सुरुवात केली.

पहिल्यांदा त्यांनी दादाला फोन लावला. "पावणं, तुमच्या मागच्या दारी दुपारची सावली असती का? खाली फरशी हाय का कोबा? गल्लीत दुसरी कुत्री किती, आन् त्यातली भांडखोर कंची?" दादा सज्जन माणूस, त्यानं खरोखर फिरून बघून सगळं सांगितलं. नंतर मला म्हणाला, "अगं, मुलगी बघायला आले होते तेव्हासुद्धा तुझ्या सासरच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती."

मग डॉक्टर. ते म्हणाले, उन्हाच्या आत निघा, वाटेत थांबत जा, गोळीची वेळ चुकवू नका. आत्यांचं समाधान होईना. "आवं डाक्टर, उनाचा एक कांदा ठिवू का हिच्याजवळ?" डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "मावशी, कांदा कुत्र्याला विषासारखा. अजिबात नको!" उन्हाळ्यात कांदा कमरेला लावल्याशिवाय आत्या कधी घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांनी तिथल्या तिथं स्वतःचा कांदा काढून दवाखान्याच्या कचराडब्यात टाकला आणि घरी येईपर्यंत ऊन लागल्यासारखं तोंड करून बसल्या.

खरी गंमत पुढंच होती. तांबीला गाडीची भीती होती, कारण गाडी म्हणजे दवाखाना हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आत्या म्हणाल्या, नवी म्हैस टेम्पोत चढत नसली, तर आधी तिला टेम्पोतच वैरण टाकायची. म्हणून रोज संध्याकाळी आमची गाडी दारात उभी, चारी दारं सताड उघडी, मागच्या सीटवर तांबी आणि तिच्या शेजारी लुगड्याचा काष्टा सावरत आत्या. मी तांबीला तिथंच जेवू घालायची. गाडी जागची हलत नसे. येणारे-जाणारे थांबून विचारत, "मावशी, बंद पडली का गाडी?" आत्या म्हणत, "गाडी चांगली हाय. पावनी रुळायची हाय."

मग माधवनगरपर्यंत जाऊन येणं सुरू झालं. पहिल्याच फेरीत तांबी आत्यांच्या मांडीवर ओकली. मी घाबरून मागं बघितलं तर आत्या खूश. "वकली, मोकळी झाली. झटका न्हाई आला, ह्येच लय झालं." त्यानंतर तासगाव. आणि शेवटची मोठी तालीम म्हणून थेट कडेगाव. तिथं दिराच्या दारात गाडी लागली तशी सगळी भावकी गोळा झाली. आत्या आल्या म्हणून जाऊबाईंनी चहा टाकला. आत्यांनी काच अर्धी खाली केली आणि म्हणाल्या, "आज उतरायचं न्हाई. तालीम हाय." चहा गाडीत प्याल्या, उसाला पाणी दिलं का म्हणून दिरांना दोन शब्द ऐकवले आणि गाडी फिरवायला लावली. भावकीत ते प्रकरण महिनाभर पुरलं.

सगळं जमत आलं आणि शेवटच्या आठवड्यात अडचण उभी राहिली. वहिनी माहेरी जाणार, दादा दिवसभर नोकरीवर. बाबांचं सगळं मी करणार म्हटल्यावर तांबीजवळ कोण? आई कुत्र्यांना भयंकर भ्यायची. लहानपणी चावलेल्या कुत्र्याची खूण तिच्या पोटरीवर अजून आहे. मी म्हटलं, राहू दे, नाही जमत. त्यावर आत्या ट्रंक उघडत म्हणाल्या, "मी येतीया की."

ते ऐकून आमचे हे वर्तमानपत्र खाली ठेवून बघतच राहिले. आमच्याकडे विहीण व्याह्यांच्या घरी जाते ती लग्नाकार्याला. आमंत्रण लागतं, पाय धुवायला पाणी लागतं, साडी-चोळीचा मान लागतो, आणि जेवण झालं की ती निघते. सुनेच्या माहेरी महिनाभर मुक्काम, तोही कुत्र्याची राखण करायला, हे कुणी ऐकलं नव्हतं. कडेगावहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. आत्या त्यांना म्हणाल्या, "ईन म्हणून कोन निगालंय? मी तांबीची माणूस म्हणून चाललीया. तिच्या माणसाला कसला आलाय मान?"

आम्ही उजाडताना निघालो. पाचवड फाट्याला वळलो तेव्हा तांबी आत्यांच्या मांडीवर डोकं टाकून घोरत होती. अंगाला शिवू नगं हे केव्हाच मागं पडलं होतं. आईनं दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या तयार ठेवला होता, विहीणबाईंवरून ओवाळून टाकायला. आत्या मागं सरकल्या. "ईनबाई, आदी हिच्यावरनं ववाळा. खरी पावनी ही हाय." आईनं चांगली दोन हात लांबून कुत्रीवरून भाकरतुकडा ओवाळला. तो रस्त्यावर टाकायच्या आत तांबीनं खाल्ला. आत पलंगावरून बाबांच्या हसण्याचा आवाज आला. दादा म्हणाला, आजारपणानंतर पहिल्यांदा.

तो महिना मला मिळाला. दुसरं काही म्हणता येत नाही. सकाळी बाबांना अंघोळ घालायची, हातापायांना तेल लावायचं, पेपर वाचून दाखवायचा. एखाद्या गावाचं नाव मी चुकीचं वाचलं की डावं बोट नाचवून ते मला थांबवायचे आणि अर्धा मिनिट घेऊन बरोबर नाव उच्चारायचे. घड्याळाकडे बघणं त्यांनी सोडून दिलं. आत्या मागच्या पडवीत तांबीजवळ असायच्या, संध्याकाळी तिला घाटावर फिरवून आणायच्या. तांबी आता त्यांच्या हातून गोळी घ्यायला लागली होती. आतल्या खोलीत त्या क्वचितच येत. मी म्हटलं, आत्या, इथं बसा की आमच्यात. म्हणाल्या, "बाप-लेकीत माजं काय काम?"

एका संध्याकाळी मी बाबांना मऊ भात भरवत होते आणि पडवीत धप्पकन आवाज झाला. तांबीला झटका आला होता. मी ताट ठेवून उठणार तोच आत्यांचा आवाज आला, "हालू नगं! घास भरव तू. मी हाय हितं." दारातून मला दिसत होतं. त्या जमिनीवर बसल्या होत्या, तिचं डोकं आपटू नये म्हणून पदराची घडी तिच्या डोक्याखाली सारली होती आणि गायीशी बोलावं तसं तिच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. मी भरवत राहिले. बाबांनी सगळा भात खाल्ला. मग दाराकडे बघत एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "फार... मोठं... माणूस."

निघताना आईनं साडी पुढं केली. आत्यांनी घेतली नाही. आई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "विहीणबाई, एवढं केलंत, मला काहीतरी करू द्या." आत्या म्हणाल्या, "पुडल्या साली करा." आणि पुढच्या साली त्या पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्या सालीही. तिन्ही उन्हाळे त्यांनी त्या पडवीत काढले. बाबा हळूहळू अंथरुणाला खिळत गेले, पण मे महिना आला की दादाला विचारायचे, "शुभी... कधी?" शुभी म्हणजे मी. ह्या नावानं मला हाक मारणारं आता तेवढंच एक माणूस आहे.

यंदा संक्रांत झाली आणि आत्या गेल्या. तापाचं निमित्त झालं, दोन दिवसांत संपलं. तांबी कितीतरी दिवस त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होती. माझं म्हणाल तर सासू गेल्याचं दुःख एवढं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भाकरी करताना रडू यायचं.

एप्रिलमध्ये मी आईला फोन करून सांगितलं, की यंदा काही जमेल असं वाटत नाही. एकीकडे बाबांचं सगळं अंथरुणात, एकीकडे तांबी, एकटी कशी पुरी पडू? मी एक-दोनदा दिवसाची येऊन जाईन. वहिनीला तेवढं समजावून सांग.

आई म्हणाली, "तू महिनाभर ये. तांबीला मी बघते."

"तू? अगं, तू तिच्या जवळसुद्धा जात नाहीस."

"आता जाते," आई म्हणाली. "गेल्या मे महिन्यात विहीणबाईंनी मला शिकवलं. तू बाबांजवळ असायचीस तेव्हा. पहिले चार दिवस माझा हात धरून त्यांनीच भाकरीचा तुकडा तिच्या तोंडाशी नेला. भीतीनं मला घाम फुटायचा, पण त्या काही हात सोडायच्या नाहीत. शेवटच्या आठवड्यात तिची संध्याकाळची गोळी मीच देत होते. झटका आला तर काय करायचं, तेही त्यांनी मला दोनदा करून दाखवलं."

आत बाबांच्या उशाशी बसून मला यातलं काहीच कळलं नव्हतं.

"पण आई, त्यांनी तुला हे कशाला शिकवलं?"

"मीही विचारलं," आई म्हणाली. "तर म्हणाल्या, ईनबाई, मी काय दर साली हाय व्हय? माज्या माघारी माज्या पोरीचं म्हायेर आडाय नगं."